एक कॉलम, सात सेंटिमीटर

रात्री सव्वाअकरा. नारायण पेठेतल्या आमच्या डेस्कवर
पान एक अजून उघडंच.
फायनल शेवटच्या षटकांत,
टीव्हीखाली सगळं ऑफिस, ड्रायव्हरसुद्धा,
छपाईवरून वर आलेला, शाईच्या हातांचा नंदू,
आणि माझ्यासमोर मुरलीधर जिनगर, वय एक्क्याऐंशी,
नाटकाचे पडदे रंगवणारे.

दुपारी मी त्यांना चार कॉलम दिले होते.
राजवाडा, तुरुंग, चांदणी रात्र, अरण्य,
साठ वर्षं रंगवलेलं हे सगळं,
ज्याच्यापुढे उभं राहून इतरांनी टाळ्या घेतल्या.
पाच वाजता दोन कॉलम झाले.
टॉसनंतर एक.

उंब्रजकर म्हणाले, जाहिरात हलणार नाही, मॅच हलणार नाही,
जे हलतं तेच हलवावं लागतं ना, बाई.
माणूस वाईट नाही.
कॉलेजच्या एकांकिकेत भालदार होते,
करंडक अर्ध्या गुणानं हुकला,
प्रत्येक निरोप समारंभात सांगतात.
(आमच्या गावात नाटकालाही करंडकच लागतो.)

मी मनात भांडण रचत होते.
क्रीडेला रोज तीन पानं,
कलेला रविवारच्या पुरवणीचा तळ,
तोही फ्लॅटची जाहिरात आली नाही तर.
खेळाडूच्या गुडघ्याचा एक्स-रे आपण छापतो,
गाणाऱ्या बाईचा गळा बसला
तर तो कधी उठला होता हेच आधी समजावून सांगावं लागतं.
चांगली वाक्यं जमत होती.
मध्येच फोन लावला, जन्मसाल पडताळायला.

मुलगी होती, सुनेत्रा. मागे टीव्ही चालू.
मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली,
बाबांचा जीव होता हो मॅचवर.
परवाची सेमीफायनल बघताना गेले, चौदाव्या षटकात.
आम्हाला वाटलं, वैतागून डोळे मिटलेत.
आज टीव्ही बंद ठेवला असता तर रागावले असते.
आणि हे लिहा,
स्वारगेटच्या स्टेडियमवर धावफलकाचे आकडे त्यांचे.
पत्र्यावर, पांढऱ्या ऑइलपेंटनं.
शून्य काढताना म्हणायचे, याला जरा पोट देऊ,
कुणीतरी बिचारा हेच घेऊन तंबूत परतणार आहे.

उंब्रजकरांना सांगितलं. ते एकदम उजळले,
अहो मग क्रीडा पानावर घेऊ की!

असे मुरलीधर जिनगर पान अकरावर गेले,
'धावफलक रंगवणाऱ्या कलावंताचे निधन'.
साठ वर्षांची अरण्यं
'काही नाटकांचे नेपथ्यही' एवढ्यात मावली.

मग आपण जिंकलो.
फर्ग्युसन रस्त्यावरून हॉर्न इथपर्यंत ऐकू येत होते.
खोटं कशाला सांगू, मीही किंचाळले,
खुर्चीवर चढले, नंदूच्या हाताची शाई माझ्या बाहीवर.
अंगावर काटा आला,
तोच, जो सहा वर्षांपूर्वी
सदाशिव पेठेत अठरा प्रेक्षकांत बसून आला होता,
एक नटी काहीही न बोलता नुसती उभी होती तेव्हा.
काट्याला पान क्रमांक कळत नाही.
मला कळतो. त्याचाच पगार मिळतो.

फोटोचं राहिलं.
मूळ फोटोत ते हातात ब्रश घेऊन
अर्धवट रंगवलेल्या अरण्यापुढे उभे आहेत.
एका कॉलमात चेहराच बसतो.
कापून कापून अरण्याचं एक पान उरलं, कानामागे.

सकाळी कोथरूडहून वाचकाचा फोन.
पान अकरा, तळाशी,
त्या गृहस्थांच्या कानापाशी शाईचा डाग पडलाय.
छपाईकडे जरा लक्ष द्या.

मी म्हटलं, काका, डाग नाही तो.
अरण्य आहे.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले,
मग तसं खाली छापायला हवं होतं.